विश्लेषण : मुघल छावणीत वाढलेल्या शाहू महाराजांनी साताऱ्याची पेठ कशी वसवली?

साताऱ्यात पत्ता सांगताना पेठेचे नाव येतेच. पेठांचे हे शहर वसवले छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र थोरले शाहू महाराज यांनी. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज वेगळे.

बालपण छावणीत का गेले?
शाहूंचा जन्म १८ मे १६८२चा. १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या हाती गेला आणि सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह कैद झाले. पुढची सुमारे १८ वर्षे औरंगजेबाच्या छावणीत गेली. ही छावणी म्हणजे चालते-फिरते शहरच. तिच्यासोबत बाजार फिरे, सराफ असत, बंजारे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणत. बाजारातील वजन-मापावर लक्ष ठेवणारा ‘मुहतसिब’ हा अधिकारी बगदाद, कैरोच्या बाजारांतही असे; औरंगजेबानेही तो नेमला होता. बाजार, दुकान, तराजू, दलाल, जकात हे शब्द मराठीत आले तेही फारसी-अरबीतूनच.

सुटका कशी झाली?
औरंगजेब १७०७ मध्ये मरण पावला. शहजादा आझमने शाहूंना सोडले, पण येसूबाई मुघलांकडेच ओलीस राहिल्या. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. आईची सुटका व्हायला मात्र १७१९ उजाडले.

पेठ कशी वसत असे?
पाव शतकाच्या युद्धाने मुलूख उजाड झाला होता. अशा ठिकाणी व्यापारी पैसा का गुंतवेल? त्याला आधी हमी लागे. सरकारच्या या लेखी हमीला ‘कौल’ म्हणत. नव्या पेठेत घर-दुकान बांधणाऱ्याला काही वर्षे कर माफ असे, पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढे. व्यापारी आणून वसवण्याचे काम शेटे आणि महाजन या वतनदारांचे. पेठेतील तंटेही ते मिटवत. त्याबदल्यात विक्रीच्या मालावर त्यांचा ठरलेला हक्क असे. म्हणजे पेठ भरली तरच त्यांचे उत्पन्न.

साताऱ्यालाच महत्त्व का?
शाहूंनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राजधानी वसवली. दरबार आला तसे सरदार, कारकून, सावकार आले आणि बाजाराला गिऱ्हाईक मिळाले. आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या मोहिमेवर ते स्वतः गेले. १७३९ मध्ये मिरज मराठ्यांकडे आली.

पुढे काय झाले?
१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूंचे निधन झाले. सत्तेचे केंद्र पुण्याकडे सरकले. साताऱ्यातील सगळ्याच पेठा त्यांच्या काळातल्या नाहीत, शहर नंतरही वाढले. पण दरबार गेल्यावरही बाजार टिकला, कारण तो हुकमावर नव्हे, तर व्यापाऱ्याला दिलेल्या शब्दावर उभा होता.