बाबासाहेब खचले तेव्हा

चळवळीत एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. एखादा मुलगा उदास असतो, कामावरून आला की दार लावून पडून राहतो, विहारात येणे बंद करतो. मग त्याला बाबासाहेबांचे उदाहरण ऐकवले जाते. त्यांची चार लेकरे गेली तरी ते लढले, तुला काय धाड भरली आहे, असा त्याचा अर्थ असतो. बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंत्राटावर रात्रपाळी करणाऱ्या मुलाला हे ऐकून उभारी येत नाही, स्वतःच्या दुःखाची लाज वाटू लागते. हे सांगणारे बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच सांगतात.

उरलेले अर्धे असे आहे.

भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी गेले. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत असताना पारशी वसतिगृहातून त्यांना जात कळल्यावर हाकलले गेले. त्या दिवशी रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी तिथल्या बागेत बसून काढले. पुढे हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला. तो आठवला की अनेक वर्षांनीही आपले डोळे भरून येतात, हेही त्यांनी त्यात लपवले नाही.

मग मुलांचे मृत्यू. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेले आणि १९ जुलै १९२६ रोजी धाकटा राजरत्नही गेला. राजरत्नावर त्यांचा फार जीव होता. पुढच्या महिन्यात त्यांनी दत्तोबा पवार या मित्राला पत्र लिहिले. आपण आणि रमाबाई या धक्क्यातून सावरलेलो नाही, बहुधा कधी सावरणारही नाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने कळवले. जगण्यातली गोडीच निघून गेल्याची भावना त्या पत्रात आहे. आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, हाच माणूस महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता. आपण महाडचे तळे सांगतो आणि ऑगस्टमधले पत्र गाळतो. ते पत्र लिहायलाही हिंमत लागली असेल. बॅरिस्टर झालेला, समाजाचे डोळे ज्याच्याकडे लागले आहेत असा पुरुष मित्राला सांगतो की मी मोडलो आहे. आपल्यातले किती कार्यकर्ते असे पत्र लिहितील, किंवा आजच्या भाषेत, असा मेसेज पाठवतील?

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले. बाबासाहेबांनी मुंडण केले, साधूसारखी वस्त्रे घातली, लोकांत येणे टाळले, आणि ते दिवसच्या दिवस रडत राहिले. जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याची घोषणा केली. कामाने त्यांना सावरले यात शंका नाही. पण त्याआधी त्यांनी शोकाला वेळ दिला होता, आणि भोवतालच्या माणसांनी तो देऊ दिला होता.

इथे एक स्पष्ट करतो. बाबासाहेबांना डिप्रेशन होते असे मी म्हणत नाही. इतक्या वर्षांनी त्यांना असे लेबल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. शोक आणि आजार यांत फरक असतो. त्यांनी आपली अवस्था कशी हाताळली, एवढ्यापुरतेच मी बोलतो आहे.

शरीराच्या बाबतीत त्यांनी बराच काळ टाळाटाळ केली, हेही खरे. मधुमेह वाढत होता, पायांच्या नसा दुखत होत्या, झोप येत नव्हती आणि राज्यघटनेचा मसुदा समोर होता. तो मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सादर झाला. त्याच सुमारास दुखणे हाताबाहेर गेले, आणि त्यांनी स्वतःला डॉक्टरांच्या हवाली केले. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांचे उपचार सुरू झाले. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत. रमाईंनंतर पुन्हा लग्न करायचे नाही असे बाबासाहेबांनी ठरवले होते. काळजी घेणारे जवळचे माणूस नसेल तर प्रकृती टिकणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडल्यावर तो निर्धार त्यांनी बदलला. भाऊराव गायकवाडांना त्यांनी हे पत्राने कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न झाले. इन्सुलिन आणि पथ्यपाणी यांची जबाबदारी डॉ. शारदांनी, म्हणजे माईसाहेबांनी, घेतली. (माईंवर पुढे झालेल्या आरोपांचा विषय वेगळा आहे, त्यावर भांडायला आपल्याकडे भरपूर लोक आहेत.) ज्या माणसाने कुणापुढे मान तुकवली नाही, त्याने डॉक्टरांचे ऐकले. त्याने तो लहान झाला नाही, आणखी साडेआठ वर्षे जगला. त्या वर्षांत राज्यघटना पूर्ण झाली, धम्मदीक्षा झाली.

ती वर्षेही सुखाची नव्हती. हिंदू कोड बिल रखडले, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यात हार पत्करावी लागली. जुलै १९५६ च्या अखेरीस दिल्लीत नानकचंद रत्तू यांनी त्यांना रडताना पाहिले. हाती घेतलेले काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, याचे दुःख त्यांनी रत्तूंजवळ बोलून दाखवले. त्यानंतर अडीच महिन्यांनी ते नागपुरात सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले आणि १४ ऑक्टोबरला काठीचा आणि माणसांचा आधार घेत दीक्षाभूमीच्या मंचावर चढले.

धम्माचा मुद्दाही येथे येतो. दुःख हे सत्यच आहे, तेव्हा सोसा, असे आपल्यातले काहीजण सांगतात. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी नेमक्या याच निराशावादी वाचनावर प्रश्न उपस्थित केला आहे. आणि तथागतांनी स्वतः जीवक वैद्याकडून औषध घेतल्याची कथा विनयपिटकात आहे. आजारी भिक्खूकडे इतरांनी पाठ फिरवली, तेव्हा त्याला तथागतांनी आपल्या हाताने धुतले, तीही तिथेच आहे.

दुसरा सल्ला असतो विपश्यनेचा. शिबिर चांगलेच आहे. पण शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारतात, आणि साधना हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही असे तिथलेच लोक सांगतात. दहा दिवस मौनात बसणे प्रत्येक अवस्थेत झेपेलच असे नाही.

मग डॉक्टरकडे कधी जावे? दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसभर मन खाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर दाखवून घ्यावे. जगणे नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येते. तपासल्यावर डॉक्टर गोळ्याच देतील असे नाही. कधी समुपदेशनाने भागते, कधी थायरॉइड किंवा रक्त कमी असल्याचे निघते. गोळ्या दिल्याच तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करायच्या नाहीत.

बुटीबोरीहून हे फार लांब नाही. वर्धा रोडवर मिहानमध्ये एम्स आहे, नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, ज्याला आपण अजून पागलखाना म्हणतो आणि म्हणून तिथे जाताना तोंड लपवतो. केसपेपर सकाळी निघतात. रात्रपाळी सुटलेला माणूस परस्पर जाऊ शकतो, फक्त झोपेअभावी तो एकटा जाणार नाही. सोबत त्याच्या रूमवरचा किंवा विहारातला एक जण हवा, रांगेत उभा राहणारा.