सर सी. व्ही. रामन : विखुरलेल्या प्रकाशाचा वेध

२८ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात लागलेल्या एका शोधाची ती आठवण. त्या शोधाचे जनक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा हा अल्पपरिचय.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. झाल्यावर १९०७ मध्ये ते सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी म्हणून कोलकात्याला रुजू झाले. मध्यंतरी रंगून व नागपूर येथेही बदली झाली. कोलकात्यात दिवसा कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम होता. १९१७ मध्ये भरपगारी सरकारी नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनावर विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद स्वीकारले. घरदार सोडून नोकरीसाठी परप्रांतात आलेल्या आपल्यासारख्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

१९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले. ती निळाई केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ताडले आणि बोट मुंबई बंदरात असतानाच त्यावर 'नेचर' नियतकालिकासाठी टिपण लिहिले. पुढे के. एस. कृष्णन यांच्यासह त्यांनी अनेक द्रवपदार्थ तपासले. विखुरलेल्या प्रकाशातील अत्यल्प भाग, साधारण कोटीत एखादाच प्रकाशकण, आपला रंग किंचित बदलतो आणि हा बदल त्या त्या रेणूची ओळखच असतो, असे सिद्ध झाले. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. थोर माणसाची ही चूक झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला, त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. कमलाबाईंनी पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या प्रथिनाचा शोध लावला.

रामन यांना १९५४ मध्ये भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले. लेसर तेव्हा नुकताच प्रयोगशाळांत रुळत होता. त्याच्या जोरावर १९९० मध्ये एकेका जिवंत पेशीचा रामन वर्णपट सूक्ष्मदर्शकाखाली घेता आला. पाणी या तपासणीत फारसा अडथळा आणत नाही, त्यामुळे पेशीला रंग न लावता, ती न मारता, तिच्या पटलातील स्निग्ध पदार्थ आणि आतील प्रथिने ओळखता येतात. पेशी मरू लागते तेव्हा सायटोक्रोम सी आपली जागा सोडते, तेही या प्रकाशात दिसते. ज्यांना दारात अडवले त्या कमलाबाईंचे प्रथिन आणि रामन यांचा प्रकाश, दोन्ही आज एकाच पेशीत भेटतात.

विद्येची देवता असलेल्या गणरायाच्या उत्सवात या दोघांनाही आपले विनम्र अभिवादन!