डॉ. आनंदीबाई जोशी : अमेरिकेतील अखेरचे महिने

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याचे चरित्र सांगताना लेखक बहुधा दोन प्रसंगांवर थांबतात : बंदरावरील निरोप आणि पदवीदानाचा समारंभ. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. पदवी हाती आल्यापासून अमेरिकेचा किनारा सोडीपर्यंत जे सात महिने गेले, त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांच्या कानी क्वचितच पडते. आम्हांस तर बाईंची खरी ओळख त्याच महिन्यांत पटते.

पूर्ववृत्त थोडक्यात असे. ता. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांची पत्नी झाली व आनंदी हे नाव तिला मिळाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांस आपले दुखणे मोकळेपणाने सांगता येईल अशी स्त्री-डॉक्टर या देशात नाही, ही उणीव तिने अशी घरातच अनुभवली.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र पाठवून पत्नीच्या शिक्षणास साहाय्य मागितले. ख्रिस्ती होण्याची सूचना त्यांस पटली नाही आणि साहाय्यही मिळाले नाही. मिशनच्या शाळेच्या अंकात ही गोष्ट झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला आणि काही एक ओळख नसता आनंदीबाईंस पत्र लिहिले. त्या पत्रांतून जो जिव्हाळा जडला, त्यामुळे आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. एप्रिल १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या वयात, पतीवाचून त्यांनी कलकत्ता सोडले, ते या मावशीच्या भरवशावर.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातील तीन वर्षे सोपी नव्हती. तेथील हिवाळा कडक. बाईंचा आहार शाकाहारी आणि पोशाख लुगड्याचाच. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूर येथील सभेत सांगितले होते, आणि तो शब्द त्यांनी पाळला. प्रकृती मात्र खालावत गेली.

ता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभासाठी पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीसह इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत येऊन पोहोचले होते. एकवीस वर्षे पुरी होण्यास वीस दिवस उरले असता ही मुलगी डॉक्टर झाली.

येथून पुढचे दिवस सुखाचे असावयास पाहिजे होते. पण खोकला, ताप व अशक्तपणा वाढतच चालला. दुखणे क्षयाचे होते. कॉक याने या रोगाचा जंतू १८८२ सालीच शोधून काढला होता. परंतु त्यावर खरोखर लागू पडणारे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, निघावयास १९४३ साल उजाडावे लागले. रोगाचे कारण कळले होते, उपाय मात्र कोणापाशीच नव्हता. रोग्यांची छाती तपासावयास शिकलेल्या बाईंस आपल्या खोकल्याचा अर्थ कळला नसेल, असे मानणे आम्हांस कठीण वाटते.

अशा स्थितीत कोल्हापूर संस्थानाकडून बोलावणे आले : तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांनी घ्यावी. ज्या गावाहून साहाय्याची पहिली याचना समुद्रापलीकडे गेली होती, तेच गाव आठ वर्षांनी त्यांच्याकडे साहाय्य मागत होते! बाईंनी होकार दिला. अंथरुणास खिळण्याची वेळ जवळ येत असता नोकरी पत्करणे हा अविचार, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या कामासाठी तीन वर्षे सोसली, ते काम करावयाचेच नाही असे ठरविले असते, तर त्या पदवीचा कागद कोणासाठी होता? शिवाय रोझेलच्या घरी मायेची माणसे असली, तरी ज्या रोगी स्त्रियांसाठी ही विद्या मिळविली, त्या इकडे होत्या.

ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांसह त्या न्यूयॉर्कहून निघाल्या. कार्पेंटरबाईंशी पुन्हा भेट व्हावयाची नव्हती. प्रवासात आजार बळावला व नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या. लोकांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी स्वागत केले. पण कोल्हापूरचे काम हाती घेण्याइतकी शक्ती अंगात आली नाही. पुण्यास उपचार चालू असता ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यास महिनाभर उरला असता, त्यांचे निधन झाले.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशीने आपल्या माणसांमध्ये त्यांस जागा दिली. तेथील शिळेवर आनंदीबाईंचे नाव आजही वाचावयास मिळते.