मक्तेदारी मोडणारा राजा

राजर्षी शाहू महाराजांनी कोणती लढाई जिंकली, असे काही जण विचारतात. रणांगणावर त्यांनी तलवार गाजवली नाही. उलट पहिल्या महायुद्धात इंग्रजांना सैन्यभरतीसाठी मदत केली. हे खरे आहे आणि आम्ही ते लपवत नाही.

पण १८९४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर आले, तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ही मक्तेदारी मोडली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन गेले, गावच्या दप्तरावरची पिढीजात पकड सुटली. वर्तमानपत्रांतून टीकेचा मारा झाला, तरी ते हटले नाहीत.

ज्याच्या हातचे पाणीही चालत नव्हते, त्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी जाहीरपणे सांगितले की, अस्पृश्यांचे पुढारी आंबेडकरच. तेव्हा बाबासाहेब अवघे २८ वर्षांचे होते.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. स्वतःच्या राज्यात, आपल्याच माणसांचा रोष पत्करून त्यांनी हे केले. आम्ही यालाच शौर्य म्हणतो. आज सरकारी नोकऱ्या कंत्राटावर जात असताना ते आपल्यात किती उरले आहे?