बोरघाटाचे शिल्पकार जेम्स बर्कले

आपल्या इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत पुण्याहून आगगाडी 1858 सालीच आली. परंतु मुंबईची गाडी मात्र पुण्यास येऊ शकत नव्हती. मध्ये बोरघाट आडवा होता. उतारूंस घाटाच्या पायथ्याशी उतरून पालखीने, तट्टावरून किंवा पायी वर चढावे लागे व खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसावे लागे. ही अडचण ज्यांच्या बुद्धीने दूर झाली, ते जेम्स बर्कले होत.

त्यांचा जन्म 1819 साली लंडन येथे झाला. जॉर्ज स्टीफन्सन यांचे सुप्रसिद्ध पुत्र रॉबर्ट यांच्या हाताखाली त्यांनी लोहमार्ग बांधण्याची विद्या संपादन केली. 1850 साली जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनीयर म्हणून ते मुंबईस आले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धावली, तो मार्ग त्यांच्याच देखरेखीखाली झाला.

खरी परीक्षा पुढेच होती. घाटाचा चढ 1800 फुटांहून अधिक. आणि चढ फार उभा असला की लोखंडी रुळावर लोखंडी चाक जागीच फिरते. म्हणून बर्कले यांनी सुरुंगांची घाई केली नाही. कित्येक वर्षे दऱ्याखोरी मोजून त्यांनी तो चढ सुमारे 16 मैलांत विभागला, 25 बोगदे योजिले, व जेथे वळणास जागा नव्हती तेथे गाडी थांबवून उलट दिशेने पुढे नेण्याची युक्ती काढली. 1856 साली काम सुरू झाले. एके काळी 40 हजारांवर मजूर तेथे राबत होते. पटकीने त्यांतील कितीएक दगावले. त्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत.

अतिश्रमाने बर्कले यांची प्रकृती ढासळली. ते मायदेशी परतले व ऑगस्ट 1862 मध्ये, अवघे 42 वर्षांचे असता, निवर्तले. पुढे आठच महिन्यांनी घाट खुला झाला. नबो पर्वतावरून वचनदत्त देश केवळ पाहणाऱ्या मोशेप्रमाणे, आपल्या श्रमाचे फळ चाखणे त्यांच्या नशिबी नव्हते.

1929 साली नवे बोगदे होऊन ती उलट फिरण्याची जागा बंद झाली, विजेची इंजिने आली, आणि 1930 साली डेक्कन क्वीन दौडू लागली. वेगाचे श्रेय आपण इंजिनास देतो. परंतु तो वेग प्रथम कोणी तरी धीराने, पावलापावलाने जमीन मोजून मिळविलेला असतो.

विद्यार्थीमित्रहो, घाटातील बोगद्यात गाडी शिरेल तेव्हा त्या इंजिनीयरचे आणि त्या अनामिक मजुरांचे क्षणभर स्मरण करा.