ग्रंथालय गावापर्यंत नेणारे महाराज : सयाजीराव गायकवाड



डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. त्याच सुमारास आपल्या बेळगावात आणखी एक सभा भरली होती, तिची आठवण मात्र फारशी निघत नाही. ती होती अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद. अध्यक्ष होते देशबंधू चित्तरंजन दास. स्वराज्याचा विचार चालू असतानाच ग्रंथालयांचाही विचार व्हावा, असे त्या पिढीला वाटत होते. अशी ग्रंथालये गावोगावी प्रत्यक्ष चालवून दाखवणारे एक संस्थान तेव्हा देशात होते. ते म्हणजे बडोदे, आणि तिथले राजे होते महाराजा सयाजीराव गायकवाड. आपल्या शाळाशाळांत आज संगणक आणि इंटरनेट आले आहे. अशा वेळी या राजाचे चरित्र आपण सर्वांनी मुद्दाम वाचावे असे आहे.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, शेतीवर गुजराण करणारे. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून दूर केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी घराण्यातील मुलांचा शोध घेतला आणि गोपाळची निवड केली. २७ मे १८७५ रोजी हा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याचा महाराजा झाला.

गंमत अशी, की या महाराजाला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. बाराव्या वर्षी त्याने अक्षरे गिरवायला सुरुवात केली. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास चालू झाला. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. आयुष्याची पहिली बारा वर्षे अक्षरावाचून गेलेल्या या माणसाने पुढची सत्तावन्न वर्षे राज्य केले.

राज्य हाती येताच त्यांचे लक्ष शाळांकडे वळले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी त्यांनी स्वतंत्र शाळा काढल्या. त्या शाळांत शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून शाळा चालू ठेवल्या. १८९० मध्ये कलाभवन ही यंत्रविद्या आणि हस्तकला शिकवणारी संस्था निघाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे तिथलेच विद्यार्थी. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. निपाणीच्या शेजारच्या कागलमध्ये ज्यांचे बालपण गेले त्या नामदार गोखल्यांनी सर्व देशासाठी असाच कायदा मागितला, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला होता. मात्र सरकारने त्यांचे विधेयक मान्य केले नाही.

इथपर्यंतची हकिकत पुष्कळांना माहीत असते. खरी अडचण यानंतर उभी राहिली. सक्तीमुळे मुले शाळेत आली, वाचायला शिकली आणि शाळा सोडून शेतावर गेली. गावात ना पुस्तक, ना वर्तमानपत्र. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरे विसरून जाऊ लागली. शाळेवर केलेला खर्च आणि मुलाने घेतलेले कष्ट दोन्ही वाया जात होते. साक्षर झालेला माणूस साक्षर राहावा कसा, हा प्रश्न सयाजीरावांपुढे होता.

१९१० मध्ये महाराज अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी सर्वांना विनामूल्य खुली असलेली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. आपल्याकडे तोवर ग्रंथालये नव्हती असे नाही. आपल्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. पण त्या काळची अशी वाचनालये बहुधा वर्गणीदारांसाठी असत. ज्याच्या खिशात वर्गणी नाही, त्याचे काय? महाराजांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उघडले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तके दिली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण झाले. प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड, आणि ती कार्डे अक्षरक्रमाने लावलेली, अशी सूची तयार झाली. जाडजूड वहीत नवे पुस्तक मधेच घालता येत नाही. कार्ड मात्र कुठेही सरकवता येते. साधीच युक्ती, पण हजारो पुस्तकांतून हवे ते पुस्तक काही मिनिटांत हाती देणारी! आज आपण संगणकावर शब्द टाकून पुस्तक शोधतो, त्यामागचा विचार हाच आहे.

हे सारे शहरापुरते झाले. खेड्यांसाठी महाराजांनी तिहेरी वाटणीचा नियम केला. गावकऱ्यांनी एक वाटा रक्कम जमवावी, तितकीच सरकारने द्यावी आणि तितकीच स्थानिक पंचायतीने. गावाने पदरचे पैसे घातल्यामुळे ग्रंथालय गावाला आपले वाटू लागले. मोतीभाई अमीन या ध्येयवादी शिक्षकाने त्याआधीच खेड्यांत मित्रमंडळ पुस्तकालये सुरू केली होती. महाराजांनी त्यांनाच या कामात घेतले. जिथे ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते, तिथे फिरती ग्रंथालये गेली. पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशा लाकडी पेट्या बडोद्याहून निघत, काही काळ गावात राहत आणि परत येत. गावाला त्यासाठी काहीच खर्च पडत नसे. आगगाडी हे तेव्हाचे वेगवान साधन. महाराजांनी तिच्यावर पुस्तके चढवली.

आणि ज्यांना वाचताच येत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यातच चित्रदर्शन विभाग होता. काचेवरील चित्रे भिंतीवर मोठी करून दाखवणारा जादूचा कंदील, दोन चित्रांतून खोली दाखवणारी स्टिरिओस्कोप ही दुर्बीण, आणि नव्याने आलेला सिनेमा ही साधने घेऊन खात्याचे लोक गावात जात. चलच्चित्र ही वस्तू तेव्हा बहुतेक देशाला केवळ करमणूक म्हणून ठाऊक होती. बडोद्यात ती ग्रंथालयाचा भाग झाली.

मित्रहो, या साधनांइतकीच महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पुस्तके, कपाटे आणि यंत्रे आणून महाराज थांबले नाहीत. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग सुरू झाला. भारतातला असा हा पहिला वर्ग. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. बॉर्डन गेल्यावर जनार्दन कुडाळकर यांनी खाते सांभाळले, नंतर न्यूटन दत्त यांनी. परदेशी तज्ज्ञ परत गेला तरी काम थांबले नाही, कारण काम जाणणारी माणसे तोवर इथेच तयार झाली होती. १९३१ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळच्या नव्या इमारतीत गेले. तिथे कपाटे लोखंडी आणि वरच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचतो.

महाराजांच्या कामाचा विस्तार याहून कितीतरी मोठा होता. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. आज आपल्या सीमाभागातल्या मुलाला घरबसल्या जे मिळते, ते त्या काळच्या महाराजालाही मिळत नव्हते. मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले आहे. आपली मुले मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी ऐकत-बोलत वाढतात, म्हणजे चार भाषांतल्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आहेत. पण पेटी गावात आली म्हणजे पुस्तक वाचले गेले असे होत नाही, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. आधी वाचता आले पाहिजे, मग हवे ते शोधता आले पाहिजे, आणि मिळालेले खरे की खोटे हे पारखायला शिकवणारे माणूस जवळ असले पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या तासाला एखादा विषय पुस्तकात आणि संगणकावर असा दोन्हीकडे शोधून ताडून पाहावा. पालकांनी मुलांच्या हाती मोबाईल देताना थोडा वेळ शेजारी बसावे आणि मूल काय वाचते आहे ते विचारावे. विश्वस्त मंडळींना एवढीच विनंती, की नवे संगणक घेताना ग्रंथपालाच्या नेमणुकीचा व प्रशिक्षणाचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा. कवळाण्याच्या त्या मुलाला बाराव्या वर्षी शिकवणारे कोणी भेटले, म्हणून पुढे शेकडो गावांत पुस्तके पोहोचली. आपल्या शाळेतही असा एखादा गोपाळ वाट पाहत असेल.