गाब्रिएल नारुतोविच

गाब्रिएल नारुतोविच (१७ मार्च १८६५ – १६ डिसेंबर १९२२) हे पोलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि जलविद्युत क्षेत्रातील नामवंत अभियंते होते. शपथविधीनंतर अवघ्या पाचव्या दिवशी त्यांची हत्या झाली.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील व आजच्या लिथुएनियातील तेल्शिआय येथे झाला. सेंट पीटर्सबर्ग येथील शिक्षण आजारपणामुळे अर्धवट सोडून ते स्वित्झर्लंडला गेले व झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातून अभियंता झाले. १९०७ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले. म्यूलेबर्ग येथील जलविद्युत केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे बंधू स्तानिस्लाव यांनी मात्र स्वतःला लिथुएनियन मानले. लिथुएनियाच्या १९१८ च्या स्वातंत्र्यघोषणेवर त्यांची स्वाक्षरी आहे.

१९२० मध्ये नारुतोविच स्वतंत्र पोलंडमध्ये परतले आणि सार्वजनिक बांधकाममंत्री झाले. जून १९२२ पासून ते परराष्ट्रमंत्री होते.

१९२२ ची निवडणूक

नव्या राज्यघटनेनुसार पहिली संसदीय निवडणूक नोव्हेंबर १९२२ मध्ये झाली. या निवडणुकीत नारुतोविच स्वतः उमेदवार होते व पराभूत झाले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. कोणत्याही एका गटाला बहुमत मिळाले नाही. राष्ट्राध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांच्या ५५५ सदस्यांनी करावयाची होती.

९ डिसेंबरला मतदान झाले. उजव्या पक्षांचे उमेदवार मौरित्सी झामोयस्की हे फार मोठे जमीनदार होते. अल्पसंख्याकांनी भाषाशास्त्रज्ञ बोदुआँ द कूर्तने यांना उभे केले होते (स्वनिमाच्या संकल्पनेमुळे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे). पिउसुद्स्की यांचा सल्ला विरोधात असतानाही नारुतोविच यांनी उमेदवारी स्वीकारली. पहिल्या फेरीत त्यांना केवळ ६२ मते मिळाली. पाचव्या फेरीत मात्र शेतकरी पक्षांनी जमीनदाराला नाकारले आणि नारुतोविच २८९ विरुद्ध २२७ मतांनी विजयी झाले.

या बहुमतात ज्यू, युक्रेनियन, जर्मन आदी प्रतिनिधींची मते होती. तेही पोलंडचेच निर्वाचित सदस्य होते. तरीही ही निवड पोलिश जनतेची नव्हे, असा प्रचार उजव्या वृत्तपत्रांनी सुरू केला. ११ डिसेंबरला शपथविधीसाठी उघड्या घोडागाडीतून जाताना जमावाने नारुतोविच यांच्यावर बर्फाचे गोळे फेकले व रस्ता अडवला. त्यांनी मार्ग बदलला नाही. उजव्या पक्षांचे बहुतेक सदस्य शपथविधीला अनुपस्थित राहिले.

हत्या

१६ डिसेंबरला वर्झावा येथील झाखेंता कलादालनात चित्रप्रदर्शन पाहत असताना एलिगिउश निएव्यादोम्स्की या चित्रकाराने त्यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या. मारेकऱ्याला ३१ जानेवारी १९२३ रोजी मृत्युदंड देण्यात आला. काही उजव्या गटांनी त्याला हुतात्मा ठरविले. ज्या प्रचाराने त्याचे मन भडकले, त्याच्या कर्त्यांवर मात्र खटला चालला नाही.

२० डिसेंबरला त्याच संसदेने स्तानिस्लाव वोयचेखोव्स्की यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. नारुतोविच यांचे दफन वर्झावा येथील संत योहान कॅथेड्रलमध्ये झाले.